उतारावरचा डबा

माझ्या मुलानं मला माझ्याच दुकानात, गिऱ्हाइकासमोर सांगितलं, "बाबा, तुमी आत जा."

गिऱ्हाईक म्हणजे एक बाई. शाळेत शिकवणारी, बोलायला गोड. वर्षभर वापरलेला कुकर घेऊन आली होती आणि बदलून द्या म्हणत होती. कुकर तिनं कोरडाच चढवला असणार, बूड जांभळं पडलं होतं. मी तो उलटा करून उजेडात धरला आणि म्हणालो, "बाई, कुकर देतो बदलून. पन आधी त्यात पानी घालाले शिका." दुकानात आणखी दोघीतिघी होत्या, त्या हसल्या. बाईचा चेहरा उतरला. तेवढ्यात मुलगा गल्ल्याजवळ आला आणि ते बोलला. मग त्यानं नवा कुकर खोक्यासकट तिच्या हातात ठेवला, वर माझ्याकडे न बघता तिची माफी मागितली.

मी आत गेलो. आत म्हणजे पोत्यांच्या खोलीत. तिथं बसून मी ऐकत राहिलो, की माझ्याशिवाय दुकान कसं चालतं. चांगलं चालत होतं. हेच जास्त लागलं.

मराठी-तेलुगू सीमेवरच्या गुडीहत्नूरचं ते भांड्यांचं दुकान माझ्या बापानं दिलेलं नाही. सायकलच्या मागं जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची पातेली बांधून मी बेल्लमपल्लीच्या खाणकामगारांच्या चाळींतून फिरलो आहे. पगाराच्या दिवशी त्या बायका दारात उभ्या राहायच्या. तेलुगू मी त्या दारांत शिकलो: आकडे, शिव्या आणि घासाघीस. पातेल्याला ठोका मारून आवाज ऐकवायचा, बाईनं तोंड वाकडं केलं की पातेलं परत बांधायला घ्यायचं. मी भांडतो म्हणून दुकान उभं राहिलं. आणि आता मी भांडतो म्हणून आत जायचं.

बायको असती तर तिनं दोघांना दोन शिव्या घालून जेवायला बसवलं असतं. ती जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता.

त्याच सुमारास हायवे चार पदरी होत होता. नेरडीगोंड्याच्या पुढे रस्ता करणाऱ्या ठेकेदाराचा कॅम्प होता, तो उठत होता. पत्रे, ड्रम, खाटा, सगळं विकायला काढलं होतं. मी पत्रे बघायला गेलो आणि तो डबा पाहिला. दोन चाकांची छोटी खोली. पत्र्याच्या भिंती, आत प्लायवूड, एक खिडकी, एक फळी झोपायला, एक ओटा. पुढं लोखंडी दांडी, दांडीच्या टोकाला हूक. जीपला अडकवायची आणि न्यायची. साहेब लोक रस्त्याबरोबर पुढं सरकायचे तेव्हा त्यात राहायचे.

कॅम्पचा स्टोअरकीपर कुठूनतरी उत्तरेकडचा होता. म्हणाला, "चाचा, ये सिरफ गाड़ी नहीं है. घर है घर."

मी म्हणालो, "घर है तो चक्के कायकू लगाए?"

तो हसला. हसला की माणूस थोडा खाली येतो. मी टायरवर लाथ मारली, दाराची कडी हलवली, खिडकीतून पलीकडे बघून नाक मुरडलं. हे सगळं मी उभा जन्म करत आलोय. शेवटी तो घामाघूम झाला आणि हो म्हणाला. मग मी म्हणालो, जॅक पाहिजे, लाकडी ठोकळे पाहिजेत, फळ्या पाहिजेत, आणि हे जीपपासून सोडायचं कसं ते शिकवायला पाहिजे. हे सौद्यात. त्यानं कपाळाला हात लावला, पण शिकवलं.

तो म्हणाला, आधी डबा जीपला अडकलेला असतानाच डावी-उजवी बाजू बघायची. जी बाजू खाली, त्या चाकाखाली फळी सरकवून जीप थोडी पुढं-मागं घ्यायची. मग दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे. मग दांडीखाली जॅक. सगळ्यात शेवटी पिन आणि साखळी. जीप निघून गेली की जॅकनं पुढची बाजू वर-खाली करून डबा सरळ करायचा, आणि चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे. त्याच्याजवळ सपाटी बघायची बुडबुड्याची नळी होती. ती मात्र त्यानं दिली नाही, कितीही घासलं तरी.

मला ती नको होती. मी भांडीवाला. डब्याच्या जमिनीवर मोठी परात ठेवली, त्यात बोटभर पाणी ओतलं. पाणी ज्या काठाला चढलं ती बाजू खाली.

दुकानाचा माल आणायची आमची जुनी जीप होती, तिच्यामागं अडकवून डबा घरी आणला तेव्हा मुलगा दुकानाच्या पायरीवर उभा होता.

"हे काय?"

"डबा."

"जन्मभर डबे विकले, आता डब्यातच राहाता का?"

"जत्रेत जातो. बाजार करतो. तू बस गल्ल्यावर."

"तुमाले एकट्याले नाई झेपत बाबा. उगाच कुठं हातपाय मोडून घ्यान."

"तू आत जा म्हनला, मी बाहीर चाललो. आता बाहीरही नाई जाऊ का?"

मग दोन दिवस आमच्यात घासाघीस चालली. शेवटी ठरलं ते असं: उटनूर रोडवरच्या जत्रेत तो माझ्याबरोबर येणार, पण हात लावणार नाही. मी एकट्यानं डबा नीट लावून, सोडून दाखवायचा. जमलं, तर मी कुठंही जायला मोकळा, तो पुन्हा अडवणार नाही. नाही जमलं, तर डबा विकायचा आणि मी घरी बसायचं. घरी म्हणजे पोत्यांच्या खोलीत, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

मी सौदा कबूल केला.

जत्रेच्या मैदानावर आम्ही पोचलो तेव्हा चांगल्या जागा गेल्या होत्या. उरली ती कडेची, काळ्या मातीची, मागं हळूहळू उतरत जाणारी. उताराच्या पायथ्याशी एका बांगडीवालीचं दुकान होतं. तिला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागलो. नवरा खाटेवर झोपलेला, आणि ही कमरेला पदर खोचून बांबूंवर बांगड्यांच्या माळा चढवत होती. माझा डबा बघून तिनं हात थांबवला.

"सेट, ये क्या लाए? राशन का दुकान?"

"बर्तन का."

"बर्तन को इतना बड़ा घर?" म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.

मुलगा मोटारसायकल पळसाखाली लावून तिच्यावर बसला. हाताची घडी. मी परात काढली, पाणी ओतलं. डावं चाक खाली होतं. फळी घातली, जीप चढवली, पुन्हा परात. पाणी थिर झालं. चाकांना ठोकळे लावले. दांडीखाली जॅक लावला. उन्हानं मान भाजत होती, पण मनात एक गोडवा होता. बघ म्हणालो मनात, बघ बसून.

पिन काढली. साखळी काढली. जॅक फिरवून हूक उचलला. आता फक्त जीप पुढं घ्यायची होती. मी जीपमध्ये चढलो, इंजिन सुरू केलं, हातभर पुढं घेतली.

स्टोअरकीपरनं मला शिकवलं होतं ते कॅम्पच्या मुरमावर. काळ्या मातीचं त्याला काय ठाऊक. वरून वाळलेली, पापुद्रा धरलेली, खाली ओल. ठोकळा त्या पापुद्र्यावर बसला होता, आणि डब्यात सगळा माल भरलेला. जीप सुटल्याबरोबर डब्याचा भार मागच्या ठोकळ्यांवर आला आणि पापुद्रा फुटला. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त ऐकू आलं. इंजिनच्या आवाजात, मागून कोणीतरी ओरडलं:

"सोडू! सोडू!"

मी मागं वळून पाहिलं. पळसाखाली मोटारसायकल होती, मुलगा नव्हता.

माझ्या टाळूला आग लागली. म्हणजे हा डब्यामागं जाऊन उभा. म्हणजे हात लावला. म्हणजे आता गावभर सांगणार, की मी धरलं म्हणून बाबांचं जमलं, नाहीतर कुठलं! आणि वर मला विचारतो, सोडू का?

मी जीपमधून ओरडलो, "सोड! सोड मनतो ना! हात लावू नको!"

त्यानं सोडलं.

डबा मागं निघाला. घाई न करता, एखादी म्हैस उठून चालू लागावी तसा. दांडी जॅकवरून घसरली, तिचं नाक मातीत घुसलं, नांगरासारखी रेघ ओढत गेली. आत पातेली, पराती, हंडे, सगळे एकदम कोसळले. त्या आवाजानं जत्रेतली कुत्री पळाली. मग दांडी खोल रुतली आणि डबा थांबला. अक्काच्या पहिल्या बांबूपासून वीतभर. बांगड्या किणकिणत राहिल्या.

मला मुलगा दिसत नव्हता. मी जीपमधून कसा उतरलो ते आठवत नाही. डब्याला वळसा घालून मी मागं पोचलो. तो बाजूला मातीत पडला होता, मग उठून बसला. गुडघ्यांना माती. त्याच्या अंगाला कुठं लागलं आहे का ते मी डोळ्यांनी पाहून घेतलं. नव्हतं लागलं. आणि तोंडातून निघालं ते हे:

"हात काऊन लावला?"

"ठोकळा सरकून राह्यला होता."

"मंग सोडला काऊन?"

"तुमीच म्हनले सोड."

"तू इचारलं, सोडू का."

"मी काईच नाई बोललो बाबा."

"खोटं बोलतो? या कानानं ऐकलं."

तो उठला, गुडघे झटकले. "झालं का समाधान? चला घरी."

"कोनं मनलं झालं? मी पुन्हा लावतो. तू लांब बस. एवढा लांब, की मले तुझा आवाज नाई आला पाह्यजे."

खरं तर सौद्याप्रमाणे मी हरलो होतो. डबा गेला होता, विषय संपला होता. पण मी म्हणालो, सौदा होता एकट्यानं लावायचा. एकट्यानं लावूच कुठं दिला यानं? हात कोणी लावला? माझ्याकडून घासाघीस शिकला असता तर त्याला उत्तर सुचलं असतं. तो पळसाखाली जाऊन बसला.

रुतलेली दांडी उचलून जीपला अडकवायला आजूबाजूचे चौघे आले, अडकवणं सौद्यात नव्हतं. यावेळी मी डबा उताराला आडवा घेतला. चाकाचं तोंड उताराकडे असलं की चाक धावणारच, म्हणून तोंडच फिरवलं. वरचा पापुद्रा खुरप्यानं काढला, खालची माती कुटली. ओढ्यातून चपटे दगड आणले, त्यावर ठोकळे. दगड आणताना दोनदा दम लागला, तेव्हा मी मुलाकडे पाठ करून उभा राहिलो. खालच्या चाकाला आता दोन फळ्या लागल्या. पिन काढायच्या आधी जीप जराशी मागं ढकलली, म्हणजे भार ठोकळ्यांवर बसेल आणि सरकायचं असेल तर साखळी असतानाच सरकेल. सरकलं नाही. मग पिन. मग साखळी. मग जीप पुढं. मी स्टिअरिंग धरून मागं बघत राहिलो. डबा जागचा हलला नाही.

पुढची बाजू जॅकनं जुळवली, पाय सोडले. आत जाऊन कोसळलेली भांडी बाजूला सारली आणि परात ठेवली. पाणी सगळ्या काठांना सारखं.

मुलगा दारात आला. आत वाकून बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. चुका काढेल, दगड वाकडा आहे म्हणेल, एकट्यानं राहू नका म्हणेल. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"लागला," तो म्हणाला.

"मंग?"

"मंग काई नाई. जा आता तुमाले जिकडं जायचं तिकडं."

मोटारसायकल सुरू करून तो निघून गेला. एवढ्या लवकर माझा कुठलाच सौदा मिटला नव्हता.

संध्याकाळी अक्कानं चहा पाठवला नाही, स्वतः घेऊन आली. ग्लास माझ्या ओट्यावर ठेवला आणि उभी राहिली.

"सेट, एक बात बोलूं? बच्चे पे कायकू चिल्लाए?"

"उसने पूछा, छोडूं क्या. मैं बोला, छोड."

"उसने कब पूछा? वो तो मुँह बंद करके डब्बे को धक्का देके खड़ा था. मैं चिल्लाई. सूडु, सूडु बोली मैं. सेट सूडु, देखो, चक्का सरक रहा!"

मी चहा तसाच धरून बसलो. तेलुगूत बघ म्हणजे चूडु. बेल्लमपल्लीत मी तसंच ऐकलं, तसंच वापरलं. इकडच्या खेड्यांत त्याच शब्दाचं सूडु होतं. तेही मला माहीत नव्हतं असं नाही. पण रागात माणसाला आपलीच भाषा ऐकू येते.

अक्का म्हणाली, "अच्छा लड़का है." मी चहा एका घोटात संपवला. तिनं रिकामा ग्लास उचलला आणि गेली.

म्हणजे 'सोडू' असं तो बोललाच नव्हता. ठीक. त्याचा तेवढा हिशेब मिटला. पण 'आत जा' हे तो बोलला होता. ते तेलुगू नव्हतं, इंजिनचा आवाज नव्हता. ते स्वच्छ आपल्या मराठीत, भर दुकानात बोलला होता. ते मी कोणत्या भाषेत दुसरं ऐकू?

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन लावला.

"हां बाबा."

मागं दुकानाचे आवाज येत होते. कोणीतरी तांब्यावर टिचकी मारत होतं, भांडं बद्द वाजलं. तो तांब्या देऊ नको म्हणावंसं वाटलं.

"कुकरचे रबर संपले. पाठव कोनाच्या हातानं."

"पाठवतो. अजून काई?"

"नाई."

"बरं."

रबर दुपारच्या बसनं कंडक्टरच्या हाती आले. पिशवीची गाठ सोडली, रबर काढले, आणि मग मी पिशवी उलटी करून झटकली. काही नव्हतं. काय असायला हवं होतं, ते मलाही सांगता येणार नाही.

धंदा चांगला झाला. डब्याची खिडकी उघडली की तेच दुकान, बंद केली की घर. लोक डबा बघायला यायचे आणि पराती घेऊन जायचे. मी भांडलो, माझ्या मर्जीनं भांडलो, कोणी आत जा म्हणालं नाही. एका गोंड म्हातारीनं तर माझ्या तोंडाला तोंड देत एका हंड्यासाठी सबंध सकाळ घालवली, आणि शेवटी हंडा न घेताच हसत निघून गेली. आसपासच्या दुकानांत तिन्हीसांजेला चुली पेटायच्या, एकाचं पीठ दुसऱ्याकडे जायचं, पोरांना हाका व्हायच्या. माझ्या डब्यात स्टोव्ह होता. मी एकट्यापुरता भात लावायचो. भांड्यांनी भरलेल्या घरात खरकटं एकच ताट.

जत्रा उठली. अक्काचा टेम्पो पहाटेच भरून गेला होता. तिच्या जागेवर फुटक्या काचांचे तुकडे उन्हात चमकत होते. मैदानात मी शेवटचा.

डबा सोडणं सोपं, हे मला त्या दिवशी कळलं. अडकवणं अवघड. जीप मागं घेत हुकाच्या बरोबर खाली आणायची, आणि जीपमध्ये बसलं की हूक दिसत नाही. प्रत्येक ड्रायव्हरच्या मागं कोणीतरी उभं असतं, हात हलवत म्हणत असतं, येऊ द्या, येऊ द्या, बस. माझ्यामागं कोणी नव्हतं. मी थोडी मागं घ्यायचो, उतरायचो, जाऊन बघायचो, पुन्हा चढायचो. एकदा डावीकडे गेली, एकदा हुकाच्या पुढं. शेवटी मी स्वतःच मोठ्यानं म्हणू लागलो, येऊ द्या, येऊ द्या. रिकाम्या मैदानात तो आवाज ऐकून मला माझीच लाज वाटली, आणि मी गप्प झालो. पण हूक बसला. पिन घातली, साखळी लावली, ठोकळे काढून आत टाकले.

उटनूर रोड गुडीहत्नूरला हायवेला मिळतो. तिथून डावीकडे वळलं की थोड्याच अंतरावर आमचं दुकान. मी वेग कमी केला. मुलगा काट्यावर पितळ मोजत होता, पुढं दोन गिऱ्हाइकं. डब्याचा आवाज त्याच्या कानांवर गेला असावा. त्यानं मान वर केली. हातात वजन तसंच. तो पायरीवर आला.

मी ब्रेकवर पाय ठेवला. जीप थांबल्यासारखी झाली.

तो काही बोलला का, मला ठाऊक नाही. मागून एक लॉरी हॉर्न वाजवत होती. त्याचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण यावेळी मी माझ्या कानांवर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. त्यानं हात वर केला. थांबा म्हणून केला की जा म्हणून, हेही समजलं नाही.

आमच्या दुकानासमोर उतार आहे. पक्का डांबरी उतार, रहदारीचा. तिथं असला डबा उभा करता येत नाही. कितीही ठोकळे लावा, सुरक्षित नाही. हे कोणीही जाणता माणूस सांगेल.

मी पाय ब्रेकवरून काढला आणि नेरडीगोंड्याच्या बाजाराला निघून गेलो.